कोठडीशेजारची पोढी

१

काही वर्षांपूर्वी आम्हा शिक्षकांसाठी एक तणावमुक्ती शिबीर झाले. सभागृहात सतरंज्या अंथरल्या होत्या. मार्गदर्शक म्हणून आलेल्या गृहस्थांनी आम्हाला डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाले, "आपल्या सगळ्या चिंता चपलांबरोबर दाराबाहेर ठेवून आलो आहोत, असे समजा." मी डोळे मिटले. श्वास आत गेला, बाहेर आला, तो पाहत बसलो. दहा-एक मिनिटांत खांदे सैल पडले. कपाळाची शीर उडत होती, ती थांबली. हे मी आधीच नोंदवून ठेवतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते श्वासाच्या विरोधात नाही.

माझ्या शेजारी आपल्याच समाजातले एक तरुण शिक्षक बसले होते. त्यांची नव्या गावी बदली झाली होती आणि दोन महिने झाले तरी त्यांना भाड्याने खोली मिळत नव्हती. आडनाव सांगेपर्यंत खोली रिकामी असे. आडनाव सांगितले की ती "कालच दिली" असे. रोज ते चाळीस किलोमीटर जाऊन-येऊन करीत. शिबीर संपल्यावर ते मला म्हणाले, "सर, बरं वाटलं. पण चपला तर पुन्हा घालाव्याच लागणार."

या एका वाक्याने मला बरेच दिवस छळले. मन शांत करण्याची विद्या आणि मन अशांत करणारी व्यवस्था यांचे नाते काय? जिच्यामुळे झोप उडते ती गोष्ट तशीच ठेवून झोपेचे उपाय शिकवणे हा उपचार आहे की फसवणूक? आणि फसवणूक असेल, तर तथागताने श्वासाकडे पाहायला का शिकवले? या प्रश्नांना इतिहास आहे. मी आण्याच्या पठारावरचा माणूस. हा इतिहास माझ्याच तालुक्याच्या डोंगरांत कोरलेला आहे. तो वाचण्याचा हा प्रयत्न.

२

'ताण' हा शब्द आज शाळेतले पोरही वापरते, पण या अर्थाने तो नवा आहे. माझ्या आजीच्या तोंडी तो नव्हता. तिला घोर लागे, तिचा जीव टांगणीला लागे, काळजात कालवे, डोक्याला ताप होई. ताण हा दोरीला, नाही तर कासऱ्याला. शास्त्रातही तो आधी धातूला होता. लोखंडाच्या कांबीवर किती भार टाकला म्हणजे ती वाकते हे मोजणाऱ्यांचा तो शब्द. १९३६ साली हान्स सेल्ये या संशोधकाने उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. थंडी असो, जखम असो वा विष असो, सतत मारा झाला की शरीर एकाच ठरावीक रीतीने झिजत जाते, असे त्याने दाखवले. पुढे त्याने या अवस्थेला हा धातूचा शब्द लावला आणि तो जगभर रूढ झाला.

शब्द वाईट नाही. उलट तो आपल्या कामाचा आहे. दोरी ताणलेली दिसली की दुसऱ्या टोकाला कोण आहे, असा प्रश्न आपोआप निघतो. तणावमुक्तीच्या बहुतेक पुस्तकांत मात्र दोरीचे हे एकच टोक दिसते. कांबीने वाकू कसे नये हे त्यांत सांगितलेले असते. भार कोणी ठेवला हे नसते.

आण्याच्या पठारावर हे दुसरे टोक शोधायला लांब जावे लागत नाही. जुन्नर हा पाच धरणांचा तालुका. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, चिल्हेवाडी. पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीत पाऊस कोसळतो, धरणे भरतात, कालवे वाहतात, द्राक्षे आणि ऊस उभा राहतो. त्याच तालुक्याच्या पूर्व टोकाला, बेल्ह्याच्या पुढे घाट चढून आले की आणे, पेमदरा, नळवणे, शिंदेवाडी ही पठारावरची गावे लागतात. ती पर्जन्यछायेत आहेत आणि कालव्यापेक्षा उंचावर आहेत. कालव्याचे पाणी खालून जाते. पठाराने पाण्याची मागणी करण्यात पिढ्या घालवल्या. इथल्या बाईच्या डोक्यात उन्हाळाभर जो घोर असतो त्याचे नाव हंडा आहे. आणि गावाचा पाण्याचा प्रश्न जिथे संपतो, तिथे वस्तीचा सुरू होतो, कारण आटत चाललेल्या विहिरीवर कोणाचा हंडा आधी लागायचा हे आमच्या लहानपणी वयावर ठरत नसे, जातीवर ठरे.

३

आण्याचा घाट उतरून पश्चिमेकडे गेले की आळेफाटा, ओतूर आणि पुढे माळशेज लागतो. ओतूरच्या दक्षिणेला जुन्नर. जुन्या काळी कल्याण-सोपाऱ्याकडचा माल नाणेघाट चढून जुन्नरला येई आणि तिथून पूर्वेला पैठणच्या दिशेने जाई. त्या जुन्नरच्या भोवती लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि शिवनेरी या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक खोदकामे आहेत, आणि ती मुख्यतः बौद्ध आहेत. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासून इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापर्यंत ती खोदली गेली.

लेण्याद्रीला बहुतेक लोक गिरिजात्मजाच्या दर्शनाला जातात. तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून जिथे ते हात जोडतात, ते मुळात भिक्षूंचे विहार आहे. मधे एकही खांब नसलेला प्रचंड मंडप आणि तिन्ही बाजूंना मिळून वीस कोठड्या. शेजारी चैत्यगृह आहे. कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत याने ते दान दिल्याचा लेख त्यावर आहे. मी मुलांच्या सहली घेऊन तिथे अनेकदा गेलो. दरवेळी मुले एकच प्रश्न विचारीत, "सर, एवढ्याशा खोलीत ते काय करायचे?"

काय करायचे? वर्षावासाचे महिने भिक्षू इथे राहत. कोठडीत दगडी ओटा, त्यावर बसणे, त्यावरच निजणे. आणि बसून आनापानसती, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाचे भान. मज्झिम निकायात या साधनेवर एक स्वतंत्र सुत्त आहे. श्वास लांब असेल तर लांब आहे हे जाणायचे, आखूड असेल तर आखूड आहे हे जाणायचे. त्यात मंत्र नाही, देव नाही, पुरोहित नाही. श्वास ब्राह्मणाचा आणि चांडाळाचा एकच असतो, आणि तो पाहायला कोणाची परवानगी लागत नाही. मन हलके करण्याची इतकी निर्मळ विद्या या देशात दुसरी झाली नाही, असे मला वाटते.

संयुत्त निकायातल्या सल्लसुत्तात आणखी एक दृष्टान्त आहे. माणसाला एक बाण लागतो, तो शरीराच्या वेदनेचा. मग तो शोक करतो, ऊर बडवतो, आणि स्वतःला दुसरा बाण लावून घेतो, तो मनाचा. शहाण्याला पहिला बाण लागतो, दुसरा लागत नाही. आजची मनोचिकित्सा जे मोठ्या ग्रंथांतून सांगते त्याचे सार या दोन बाणांत आले आहे.

पण जुन्नरच्या लेण्यांत माझे लक्ष जास्त वेधते ते कोठडीच्या बाहेर. जवळपास प्रत्येक लेणेसमूहाशेजारी कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. शिलालेखांतल्या प्राकृतात त्यांना 'पोढी' म्हटले आहे. इरिल नावाच्या एका यवनाने, म्हणजे ग्रीक वंशाच्या माणसाने, दोन पोढ्या दान दिल्या. चित नावाच्या दुसऱ्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. मानमोडीच्या लेखात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने, ४६ या वर्षी, पोढी आणि मंडप दिल्याची नोंद आहे. बांबूचे काम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या श्रेणींची नावेही इथल्या लेखांत आहेत. त्यांच्याकडे ठेवी ठेवल्या जात आणि त्यांच्या उत्पन्नातून संघाच्या गरजा भागत. या मंडळींशी रक्ताचे नाते जोडून पूर्वजांचा डामडौल मिरवावा, असा माझा हेतू नाही. एवढेच दाखवायचे आहे की हाताने काम करणाऱ्यांची नावे या डोंगरावर अभिमानाने कोरली गेली, आणि ती अमात्याच्या नावाच्या बरोबरीने टिकली.

हे खोदणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. तहानलेल्या माणसाला श्वास पाहता येत नाही. म्हणून जिथे कोठडी तिथे पोढी, आणि जिथे ध्यान तिथे भोजनमंडप. दुसऱ्या बाणावरचा उपाय सांगणाऱ्या धम्माने पहिल्या बाणाकडे पाठ फिरवली नव्हती. या लेखात मला मांडायचे आहे ते एवढेच. पुढचा इतिहास म्हणजे कोठडी आणि पोढी यांची ताटातूट कशी झाली, याची हकिगत आहे.

४

लेणी ओस पडली. संघ नाहीसा झाला. नंतरच्या गावगाड्यात मनाच्या शांतीची वाटणी कशी झाली होती ते पाहण्यासारखे आहे.

गाव रात्री निर्धास्त झोपे, कारण येसकर महार जागा असे. गावाला चोराची धास्ती नको म्हणून त्याने वेशीवर काठी आपटायची. मेलेल्याचा सांगावा घेऊन रात्री-अपरात्री दहा-दहा कोस पळायचे, म्हणजे दुसऱ्याचे दुःखही पायांनी वाहायचे. गुरे मेली तर ती ओढून न्यायची, गावाला त्याची घाण आणि घृणा नको. एकाची झोप ही दुसऱ्याच्या जागरणावर उभी होती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले. प्रत्यक्षात ही कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने गेली. तोवर किती पिढ्यांची झोप गेली, याचा हिशेब कोणत्याही गॅझेटिअरमध्ये नाही.

गावाला विरंगुळा हवा असे, तोही आमच्याच अंगातून येई. हलगी मांगाची, आसूड पोतराजाचा, तमाशाच्या फडात महार-मांग-कोल्हाट्यांची माणसे. आण्यापासून फार लांब नसलेले नारायणगाव म्हणजे तमाशाचे माहेर. तिथल्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांची हकिगत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. दिवस भरलेले असताना त्या फडावर उभ्या राहिल्या, मधेच कळा सुरू झाल्या, पडद्यामागे जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला आल्या. ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. मला तिच्यात कौतुकापेक्षा दुसरेच काही दिसते. हजार माणसांचा दिवसभराचा शीण उतरावा म्हणून एका बाईच्या शरीराला बाळंतपणाची रात्रसुद्धा मिळू नये! राष्ट्रपतींचे पदक मिळालेल्या या कलावतीचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. ज्यांनी साऱ्या गावाचा ताण उतरवला, त्यांचा ताण उतरवायला गावात कोणी नव्हते.

मग आमच्या माणसांनी आपला भार कुठे उतरवला? पुरुषांनी पुष्कळदा दारूत. बायांनी दोन ठिकाणी: जात्यावर आणि देवीपुढे. पहाटे जाते ओढताना दोन बायांचा श्वास एका लयीत येई आणि त्या लयीत ओवी निघे. सासर, माहेर, भूक, मार, मेलेले लेकरू हे सगळे त्या ओवीत येई. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी पुढे खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. एवढे दुःख गाऊन काढणाऱ्या बायकांना 'उपचार' हा शब्द कोणी शिकवला नव्हता.

दुसरे ठिकाण देवीपुढचे. माझ्या आजीच्या अंगात मरीआई येई. मंगळवारी केस मोकळे सोडून ती घुमे, किंचाळे, आणि त्या अर्ध्या तासात सासरे, पाटील, कोणाचीही भीडभाड न ठेवता बोले. एरवी जिच्या तोंडून शब्द फुटत नसे, तिला त्या वेळी सगळे हात जोडत. १९५६ साली नागपूरला दीक्षा झाली आणि थोड्याच दिवसांत आमच्या वस्तीतल्या लोकांनी मरीआईचे दगड आणि देव्हाऱ्यातले टाक नेऊन बुडवले. मी तेव्हा जन्मलो नव्हतो. मी ऐकले ते आजीकडून. म्हातारपणी एकदा ती मला म्हणाली, "बाबानं केलं ते चांगलंच केलं रं. पण तव्हा घुमाया तरी मिळायचं."

ही गोष्ट कोणी अंधश्रद्धेच्या समर्थनासाठी वापरू नये. मरीआईने आजीचा पटकी झालेला मुलगा वाचवला नाही. तिने आजीला अर्ध्या तासाची मोकळीक दिली आणि आठवड्याचे उरलेले दिवस तिच्या मानेवर जसेच्या तसे ठेवले. देव बुडवणे योग्यच होते. परंतु आपण त्या दगडांबरोबर बाईचा आरडाओरडा करण्याचा एकुलता एक हक्कही बुडवला आणि त्या जागी लगेच काय दिले, याचा विचार आपल्या चळवळीने पुरेसा केला नाही. शाळा दिली, भाषण दिले, भीमगीत दिले, वंदनेला पांढरी साडी दिली. हे थोडे नाही. पण रात्री छातीवर हात ठेवून बसून राहणाऱ्या म्हातारीला ते पुरत होते का?

५

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी शाळेत होतो. पठारावर दुष्काळी काम निघाले. आई खडी फोडायला जाई. मी सुट्टीत तिच्याबरोबर जात असे. हातोडा वर जाताना ती श्वास घेई आणि घाव घालताना 'हं' करून सोडी. दिवसभर तोच ताल. आपल्या भाषेत श्वासाला दम म्हणतात, विसावा घेण्याला दम खाणे म्हणतात आणि धमकावण्यालाही दम देणेच म्हणतात. मुकादम दम देई, म्हणून आईला दम खाता येत नसे. हे तीन अर्थ मी शब्दकोशात शिकलो नाही, खडीच्या ढिगावर शिकलो.

पुढे मी बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला तेव्हा खडीचा तो ढीग आठवला. हा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, इंग्रजीत प्रसिद्ध झाला. सिद्धार्थाने म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून घर सोडले, ही परंपरेने चालत आलेली कथा बाबासाहेबांनी त्यात नाकारली. त्यांच्या मते गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेले भांडण होते. सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला, संघाचे बहुमत त्याच्याविरुद्ध गेले, आणि त्याने परिव्रज्या पत्करली. चवदार तळ्यावर १९२७ साली ओंजळ भरणाऱ्या माणसाला बुद्धाच्या कथेच्या मुळाशी पाणी दिसावे, यात नवल काय? दुःख म्हणजे केवळ जन्म-जरा-मरण नव्हे. माणसाने माणसावर लादलेले दुःख हे धम्माच्या विचाराचे केंद्र आहे, असे त्यांनी मांडले. म्हणजेच पहिला बाण आकाशातून पडत नाही, तो कोणीतरी मारतो, हे त्यांनी सल्लसुत्ताच्या वाचकांना दाखवून दिले.

मग त्यांनी ध्यान टाकून दिले का? नाही. अष्टांगमार्गाचे विवेचन करताना त्यांनी नुसती समाधी आणि सम्मा समाधी असा भेद केला आहे. नुसती समाधी म्हणजे चित्ताची एकाग्रता. ती मनातले अडथळे काही काळापुरते थोपवते, ते पुन्हा येतात. सम्मा समाधी मनाला कुशल कर्माकडे वळवते, चांगले तेच पाहण्याची आणि करण्याची सवय लावते. तणावमुक्तीच्या सगळ्या व्यवहाराला मोजायचे माप या एका भेदात मिळते. खांदे सैल झाले ही नुसती समाधी. सैल झालेल्या खांद्यांनी माणूस पुढे काय करतो, यावर ती सम्मा आहे की नाही ते ठरते.

६

डिसेंबर १९५४ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब रंगूनला गेले होते. त्याच शहरात त्या काळी सयाजी ऊ बा खिन नावाचे एक सरकारी अधिकारी, ब्रह्मदेशाचे महालेखापाल, फावल्या वेळात विपश्यना शिकवीत. १९५५ साली त्यांच्याकडे सत्यनारायण गोएंका हे व्यापारी आले, ते अर्धशिशीच्या त्रासाने. त्यांना मॉर्फिनची इंजेक्शने घ्यावी लागत आणि परदेशी डॉक्टरांचाही इलाज चालला नव्हता. एकाच शहरात वर्षभराच्या अंतराने दोन माणसे दोन वेगळे प्रश्न घेऊन धम्मापाशी पोचली. एकाजवळ कोट्यवधींच्या गुलामगिरीचा प्रश्न होता, दुसऱ्याजवळ डोकेदुखीचा. दोन्ही प्रश्न खरे होते. डोकेदुखीला मी कमी लेखत नाही, माझ्या आईचेही डोके दुखत असे.

गोएंका १९६९ साली भारतात आले. त्याच वर्षी जुलैत मुंबईला त्यांचे पहिले शिबीर झाले. १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरे सुरू झाली. दहा दिवस मौन, पहाटे चारला उठणे, आधी तीन-साडेतीन दिवस आनापान आणि नंतर अंगावरच्या संवेदनांचे तटस्थ निरीक्षण. शुल्क नाही. आधीच्या साधकांच्या दानावर सारे चालते. जात विचारत नाहीत, सारे एका पंगतीत जेवतात. आपल्यातले हजारो लोक तिथे जाऊन आले आणि पुष्कळांची दारू सुटली, राग निवला, हे मी पाहिले आहे. महाराष्ट्राच्या शाळांतही 'मित्र उपक्रम' या नावाने आनापान गेले.

याबाबत आपल्याकडे दोन मते आहेत. एक म्हणते, विपश्यनेने आपल्या पोरांचा विद्रोह थंड केला. मोर्चाला जाणारी मांडी घालून बसू लागली. दुसरे म्हणते, साधनेशिवाय धम्म म्हणजे निव्वळ राजकारण. मला दोन्ही मते अर्धी वाटतात. शिबिराविषयी माझी तक्रार वेगळी आहे. दहा दिवस! रोजंदारीवरची बाई दहा दिवस कामावर गेली नाही तर चूल पेटत नाही. शेरडे कोणी सांभाळायची, म्हाताऱ्याला भाकर कोणी द्यायची? शुल्क नाही हे खरे, पण दहा दिवसांची मजुरी हेच तिच्यासाठी शुल्क आहे. जिला दम खायला सर्वांत कमी मिळतो, तिलाच या दारातून आत येता येत नाही.

इकडे हे चालले असताना तिकडे अमेरिकेत १९७९ साली जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दुखण्याने गांजलेल्या रोग्यांसाठी काही आठवड्यांचा वर्ग सुरू केला. बौद्ध ध्यान आणि योगासने यांतून धर्माची परिभाषा काढून घेऊन त्यांनी ती ताण कमी करण्याची पद्धत म्हणून मांडली. तिथून ती इस्पितळांत, सैन्यात, मोठ्या कंपन्यांत गेली आणि नवे इंग्रजी नाव घेऊन आपल्याच शहरांत परत आली. आपल्या कोठडीने असा पृथ्वीप्रदक्षिणेचा प्रवास केला, पण पोढी जुन्नरलाच राहिली.

या उपायांचा गुण किती येतो, हेही पाहिले पाहिजे. श्रद्धेने नव्हे, पुराव्याने. २०१४ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात ४७ चाचण्यांचा, एकूण ३,५१५ माणसांचा आढावा आला. चिंता, खिन्नता आणि दुखणे ध्यानाने थोडे कमी होते, याला मध्यम दर्जाचा पुरावा मिळाला. ताण कमी होण्याला आणि एकूण जगणे सुधारण्याला पुरावा कमी. आणि औषध, व्यायाम वा अन्य उपचारांपेक्षा ध्यान सरस असल्याचे आढळले नाही. म्हणजे ते थोतांड नाही आणि जादूही नाही. सावकाश श्वास घेतला की छातीची धडधड उतरते, हे शरीराचे काम आहे. ज्याला आत्महत्येचे विचार येतात, ज्याला भास होतात, त्याने ध्यानाला बसू नये. त्याने डॉक्टरकडे जावे. त्याला भगताकडे नेऊ नये आणि शिबिरातही नेऊ नये.

७

१७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुला गेला. त्यानंतर जी चर्चा झाली तिच्यात काही जण त्याच्या मनाची दुर्बलता शोधत होते. वसतिगृहातून काढलेला, विद्यावेतन थांबलेला, उघड्यावर झोपणारा संशोधक, आणि शोध त्याच्या मनाचा! त्याआधी २००७ साली सुखदेव थोरात समितीने दिल्लीच्या एम्समधल्या दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना कसे वेगळे पाडले जाते, छळले जाते, ते लिहून ठेवले होते. बाण मारणाऱ्यांची नोंद कागदावर होती. तरीही मुलांना सांगितले जाते ते हेच, की मन खंबीर करा.

म्हणून माझे कार्यकर्त्यांना, शिक्षकांना आणि विशेषतः विद्यार्थ्यांना सांगणे आहे. श्वासाची विद्या सोडू नका. ती आपली आहे, आपल्या डोंगरांत ती बसून झिजलेल्या ओट्यांवर शिकवली गेली. दुसरा बाण आपण स्वतःला का मारून घ्यावा? जे आपल्याला झोपू देत नाहीत, त्यांना आपली झोप फुकट का द्यावी? पण ती विद्या घ्यायची ती पोढीसकट. आपल्या वस्तीत विहार असेल तर तो संध्याकाळी, कामावरून परतल्याच्या वेळी, उघडा ठेवा. बायांना अर्धा तास बसू द्या. पोरे कोणीतरी बाहेर सांभाळा, शक्यतो पुरुषांनी. श्वास झाला की बोलू द्या, रडायचे असेल तर रडू द्या, ओव्या म्हणू द्या. माझ्या आजीला जे घुमण्यात मिळे ते तिच्या नातसुनांना देवीशिवाय मिळाले पाहिजे. आणि मग तिथेच, त्याच सतरंजीवर, टँकर का आला नाही याचा अर्ज लिहा, मजुरीचा हिशेब मांडा, खोली नाकारणाऱ्या घरमालकाविरुद्ध काय करायचे ते ठरवा. शांत झालेले मन याच कामासाठी हवे. संतापाने हात थरथरत असले की अर्जही नीट लिहिला जात नाही, हे प्रत्येक कार्यकर्त्याला अनुभवाने माहीत आहे.

आपला संताप हा आजार नाही. त्याला आजार ठरवून त्यावर इलाज करू पाहणाऱ्यांपासून सावध राहिले पाहिजे. संतापात जळून स्वतःच राख होणे मात्र टाळता येते, आणि टाळले पाहिजे. या दोन गोष्टींमधली रेघ बारीक आहे. ती ओळखायला शिकणे, हीच मला सम्मा समाधी वाटते.

त्या तरुण शिक्षकांची गोष्ट राहिली. शिबिरानंतर आम्ही चौघे-पाचजण त्यांच्याबरोबर त्या गावी गेलो, सरपंचांपुढे बसलो, कायदा काय म्हणतो ते सांगितले. आवाज चढवला नाही आणि उठलोही नाही. संध्याकाळपर्यंत खोली मिळाली. परतताना ते म्हणाले, "सर, आज रात्री झोप लागेल." श्वास मोजण्याची त्या दिवशी कोणाला आठवण झाली नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी पुन्हा लेण्याद्रीला गेलो. पायऱ्या चढताना दम लागला म्हणून एका टाक्याच्या काठावर दम खात बसलो. खाली टाक्यात थोडे हिरवट पाणी होते, वर भाविकांची रांग. खोदणाऱ्याने कोठडीच्या आधी हे टाके खोदले असेल की नंतर, याचा विचार करीत होतो. छिन्नी मारणाऱ्यालाही तहान लागते. मला वाटते, आधीच.